परत म्हणा की

मार्गशीर्षातली अमावास्या जवळ आली की सोलापुरातली मंडई एकदम हिरवीगार होते. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, वाल, वाटाणा, पातीचा कांदा, मेथी, जे म्हणून शेतात येतं ते सगळं टोपल्यांत येऊन बसतं. या साऱ्यांची मिळून ताकातली एकच भज्जी करायची, बाजरीचे उंडे वळायचे, मडकं भरून आंबील करायची आणि शेतात जाऊन जेवायचं, असा हा सण. इकडं त्याला येळवस म्हणतात. ज्यांची शेतं आहेत ते गाड्या जुंपून जातात. ज्यांची नाहीत त्यांना शेजारपाजारहून डबा येतो. मी डबा येणाऱ्यांतली.

यंदाही आला. शेजारची महादेवी दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, गरम हाय तवर खावा. मग म्हनू नका, महादेवीनं गार दिलं." मी बसून खाल्लं. भज्जी छान झाली होती, चिंच जरा पुढं होती एवढंच. जिभेला सगळं कळलं. जिभेच्या पलीकडं मात्र काही गेलं नाही. या दिवसांत माझं असंच होतं. पहाटेच्या गार पाण्यात धुणं धुतल्यावर बोटं बधिर होतात, मग सुई टोचली तरी रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही, तशी मी येळवशीपासून शिमग्यापर्यंत असते. हसते, बोलते, भाजी निवडते. लोकांना काही समजत नाही. आता इतक्या वर्षांनी मलाही त्याचं विशेष वाटत नाही.

आम्ही वळसंगला होतो तेव्हापासूनचं हे. मास्तरांची बदली तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेवर झाली होती. नवऱ्याला मास्तर म्हणते म्हणून माझ्या सासूबाई रागवायच्या. पण सगळं गाव मास्तर म्हणत असताना मी एकटीनं 'अहो' म्हणत कुठं बसू? मी टेंभुर्णीकडची. वळसंगला विहिरीवर बायका अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत बोलायच्या आणि नेमकं माझ्याविषयी असलं की पूर्ण कानडीत बोलायच्या. वर्षभरात मला सगळं समजायला लागलं. समजतं हे मी त्यांना आणखी वर्षभर समजू दिलं नाही.

मास्तरांना एकच नाद होता. गावागावांतून लोक जे काही म्हणतात, गातात, सांगतात, ते सगळं टिपून ठेवायचं. गोष्टी, उखाणे, कोडी, देवीची गाणी, बैल धुताना म्हणायचं, खळ्यावर म्हणायचं, बाळाला न्हाऊ घालताना म्हणायचं. मेथीची जुडी आणायला पाठवलेला माणूस ओवी घेऊन परत यायचा. मेथी कुठं आहे म्हटलं की पिशवीकडं बघायचा आणि खरोखर चकित व्हायचा. गाडीवाटेवर कुणी गुणगुणत चाललं की मास्तर गाडीमागून चालायला लागत आणि पोरं शाळेत घंटा वाजवत बसत. त्यांच्यावर चिडावं तर ते इतक्या आनंदात ती ओवी म्हणून दाखवत, की मी आमटीत पाणी वाढवून मोकळी होई.

अडचण एकच होती. बायका पुरुषासमोर गात नसत. मास्तर समोर आले की पदर तोंडावर आणि जातं बंद. मग आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. दळायला, निवडायला म्हणून मी चारचौघींना आमच्या माजघरात बोलवायची. मास्तर भिंतीपलीकडं ओसरीवर लिहायला पाट मांडीवर घेऊन बसायचे. आत गाणं सुरू झालं की बाहेरून टाकाची कुरकुर यायची. बायकांनाही ठाऊक होतं मास्तर तिथं बसलेत म्हणून. पण भिंत मध्ये असली की झालं, मर्यादा राहिली. एखादी ओळ निसटली की मास्तर खोकायचे. मी लगेच म्हणायची, "परत म्हणा की, लई गोड हाय." बाई परत म्हणायची आणि टाक पुन्हा कुरकुरायचा. सगळं वळसंग त्या खोकल्याला हसायचं. एखादी आगाऊ पोरगी मुद्दाम ओळ गिळायची आणि आता मास्तर खोकणार म्हणून वाट बघायची.

आणि कुसुम तर बापाबरोबर खोकायचीच. आमची मुलगी, चौथं सरून पाचवं लागलेलं. ओसरीवर बापाच्या शेजारी फुटकी पाटी घेऊन बसायची, रेघोट्या ओढायची, आणि मास्तर खोकले की पाठोपाठ हिचा बारीक खोकला. मी आतून म्हणायची, "दोघांसाठी परत म्हणा." मग आत हसू उसळायचं आणि दळण राहायचं बाजूला. पीठ जाडं पडायचं ते वेगळंच.

गौरव्वा या साऱ्यांत असायची पण गायची नाही. लिंगायताची म्हातारी, विधवा, मूलबाळ नाही, पुतण्या शिवाप्पाच्या शेतात राबायची. गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं तिला. मेलेल्याच्या अंगणात शिरली की त्या घरच्या बाईच्या गळ्यात हात टाकायची आणि सुरू करायची. गेलेल्या माणसाच्या एकेक गोष्टीची एकेक ओळ आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या माणसाचं नाव. भोवतीच्या बायका ते नाव उचलून धरायच्या. मास्तरांकडं सगळं होतं, हे तेवढं नव्हतं. मयताला जाऊन टाक काढण्याइतके ते निगरगट्ट नव्हते. म्हणून भिंतीपलीकडून त्यांनी मला किती वेळा विनवायला लावलं. गौरव्वाचं उत्तर ठरलेलं. "ते काय मेथीची जुडी हाय व्हय मागितली की द्यायला? ते म्हनायला घरात मढं लागतंय, मास्तर." हे ती भिंतीकडं तोंड करून, मोठ्यानं म्हणायची.

त्या वर्षी येळवशीला आम्ही शिवाप्पाच्या शेतात गेलो. ज्वारी कमरेच्या वर आली होती. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी केलेली, तिच्यात पाच दगडांचे पांडव चुना लावून मांडलेले, पुढं नैवेद्य. मग शिवाप्पानं आंबिलीचं मडकं घेतलं आणि पिकातून शिंपडत, आरोळी देत धावला. मागं सगळी पोरं ओरडत. त्या आरोळीचा अर्थ मास्तरांनी तिथल्या तिथं सगळ्यांना विचारला. एक म्हणाला देवाचं नाव हाय, एक म्हणाला कानडी हाय, कानडी येणारा म्हणाला मराठीच असंल. शिवाप्पा म्हणाला, "अर्थ कशाला पायजे? पिकाला कळतंय की." मास्तरांना ते फार आवडलं.

पोरांच्या मागून कुसुमही धावली आणि परत येऊन माझ्या मांडीवर बसून खोकली. मास्तर खोपीपाशी कुणाशी तरी बोलत होते, तेही घसा खाकरत होते. गौरव्वा म्हणाली, "आली बग बापाची लेक." आम्ही सगळी हसलो. कुसुम पुन्हा खोकली, आम्ही पुन्हा हसलो. संध्याकाळी गाडीत तिचं अंग तापलं तेव्हा आम्हांला कळलं की ही नक्कल नव्हती. रातोरात घसा धरला. गाडी जुंपून सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, घटसर्प आहे, कालच आणली असती तरी मी तुम्हांला वेगळं काही सांगितलं नसतं. ते चांगले गृहस्थ होते. परतताना मास्तरांनी तिला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि गाडीला धक्का बसला की ते हातानं तिचं डोकं सावरत होते.

मला रडू आलं नाही. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. काही दाबून ठेवलं होतं असंही नाही. आत हात घालून चाचपलं तरी काही लागत नव्हतं. मी चूल पेटवली. तिचा परकर धुवून वाळत घातला. बायका माझ्याकडं बघायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या.

मग गौरव्वा आली. माजघरात नेहमीच्याच जागी बसली, माझ्या गळ्यात हात टाकले, माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं आणि तिनं सुरू केलं.

"दारातली रांगोळी पुसायला
आता कोन येनार गं, कुसुम.
फुटक्या पाटीवर रेघ तुजी,
ती पुसू कशी मी गं, कुसुम."

बायकांनी नाव उचललं. गौरव्वाच्या अंगाला आंबिलीचा आणि धुराचा वास येत होता. तिचे अश्रू माझ्या मानेवर पडत होते, ते गरम लागत होते. मी ऐकत होते, पण तिचं नव्हे. माझा कान भिंतीकडं होता. मास्तर ओसरीवर बसलेत हे मला ठाऊक होतं. घरात मढं लागतं म्हणाली होती, ते लागलं होतं. इतकी वर्षं जे मागत होते ते भिंतीच्या अलीकडं चाललं होतं. मी टाकाची कुरकुर ऐकायची वाट बघत होते. ती आली असती तर मला राग आला असता आणि राग आला असता तर कदाचित बाकीचंही आलं असतं. पण कुरकुर आली नाही. खोकलाही आला नाही. गौरव्वा थकून थांबली तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं, मीही.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला म्हणाले, "गौरव्वा काल काय म्हणाली? मला एक अक्षर ऐकू आलं नाही." एका ओळीसाठी गाडीमागून मैल मैल चालणारा माणूस. मी म्हटलं, "नेहमीचंच असतं." मला एकूण एक ओळ पाठ झाली होती. त्यांनी परत विचारलं नाही.

तेव्हापासून मास्तर खोकेनासे झाले. घसा खवखवला तर उठून माठातलं पाणी प्यायचे. थंडीचे दिवस, ढगाळ हवा, सगळं गाव खोकत होतं, आमच्या घरात तेवढा खोकला नव्हता. बायका दळायला येईनात, मीही बोलवीना. टाकाची शाई दौतीत वाळून गेली.

गौरव्वा मात्र रोज यायची. ती मला एकदा स्पष्टच म्हणाली, "आई रडली न्हाय की लेकरू वाटंतच उभं ऱ्हातंय. त्याला फुडं जाता येत न्हाय, मागं येता येत न्हाय. तू रड गं माय. माज्यासाटी न्हाय, तिच्यासाटी." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मास्तरांच्या हाताखाली मी चार बुकं वाचली होती. पण त्या दिवसापासून संध्याकाळी मी दाराला कडी लावणं सोडलं. मास्तरांना वाटलं विसरते. ते उठून कडी लावायचे, मी काढायची. मग त्यांना कळलं असावं, कारण तेही लावेनासे झाले. दार नुसतं लोटलेलं असायचं आणि गार वारा आत यायचा.

काढणी आली. गौरव्वा मला ओढून शेतात घेऊन जायची. "हात हालू दे. डोकं हालंना तर ऱ्हाऊ दे," म्हणायची. मी कणसं खुडली, खळं सारवलं, बैल फिरताना बघितले. मळणीची गाणी माझ्या कानावरून जायची. मात्र रास मापायचा दिवस मला आवडला. रास मापताना कुणी बोलायचं नसतं. मापणारा पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, आणि मग सगळे गप्प. पायात वहाण नाही, तोंडात शब्द नाही, नुसता दाण्यांचा आवाज. त्या दिवशी प्रथमच माझ्यासारखीच सगळी माणसं माझ्याभोवती होती. कुणी मला रड म्हणत नव्हतं. मास्तर शाळा सोडून आले होते, खळ्याच्या कडेला अनवाणी उभे होते. टिपण्यासारखं तिथं काही नव्हतं आणि दोघांनाही तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

पोती भरल्यावर गौरव्वा माझ्याजवळ येऊन बसली. सुपातलं मातेरं पाखडत सहज म्हणाली, "मी जगाला रडले. मला रडायला कोन हाय सांग? शिवाप्पाची बायकू म्हनंल 'सासू गेली गं', आन् बसंल गप. तू म्हनशील?"

मी म्हटलं, "मला रडू येत नाही, गौरव्वा."

"रडू कोन मागतंय? म्हनशील का, तेवडं सांग. तुला येतंय. मला ठाव हाय, तू भिताडाकडं कान लावलाबी असंल, पर मनानं धरलं होतंस सगळं."

मी हो म्हटलं. कशासाठी म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. कुणी काही मागितलं की त्या दिवसांत मी हो म्हणायची, ते सोपं पडायचं.

पुढं पुष्कळ वर्षांनी मास्तरांचं पुस्तक निघालं. सोलापुरातल्याच एका छापखान्यात, पातळ कागदावर. लोकांनी कौतुक केलं. पुण्याहून एक विद्वान आमच्या घरी आले, दिवसभर बसले. सगळं चाळून म्हणाले, "मयताची गाणी यात कुठं दिसत नाहीत." मी चहा घेऊन दारात उभी होते. मास्तरांनी शांतपणे सांगितलं, "आमच्या भागात ती म्हणत नाहीत." आयुष्यभर ज्या माणसानं ऐकलेल्या ओळीचं एक अक्षर बदललं नाही, त्याच्या तोंडून हे. विद्वानांनी मान हलवली. मी चहा खाली ठेवला. नंतर मास्तरांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही विषय काढला नाही. मास्तर गेले तेव्हा आम्ही इथं शहरात होतो. सभ्य माणसं जमली होती, सगळी हळू बोलत होती. मनातल्या मनात मी एक ओळ म्हटली, शेवटी, त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं म्हणून, मास्तरच म्हटलं.

गौरव्वा मात्र कुसुम गेली त्याच हंगामात, शिमग्याच्या आधी गेली. थंडी उतरता उतरता छातीत कफ झाला आणि दोन रात्रींत आटोपलं. शिवाप्पाचा निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. थापलेली तेवढी भाजून घेतली आणि निघाले. मास्तर मागून आले.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. गौरव्वाला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूचा हार. आमच्या माजघरात बसायची तशीच बसली होती, फक्त पायाशी सूप नव्हतं. बायका भोवतीनं बसल्या होत्या आणि कुणी सुरू करत नव्हतं. सुरू करणारी तीच होती ना. शिवाप्पाच्या बायकोनं "सासू गेली गं" म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावून गप्प बसली. पुरुष अंगणाच्या भिंतीपलीकडं, गल्लीत होते. मास्तरही त्यांच्यात. आमच्या दोघांमध्ये पुन्हा एक भिंत होती.

मी पुढं झाले. शिवाप्पाच्या बायकोच्या गळ्यात हात टाकले. हो म्हटलं होतं, ते करायचं होतं, याहून जास्त माझ्या मनात काही नव्हतं. पहिली ओळ नीट आली.

"दळनाची पाटी भरून ठिवली,
उठून ये की गं, गौरव्वा."

बायकांनी नाव उचललं. माझा आवाज कोरडा होता, पण ओळी येत होत्या.

"रास मापून झाली, गप बसू नगं,
आता बोल की गं, गौरव्वा."

तिसरी ओळ मला सुचली नाही. जी पाठ होती तीच तोंडात आली.

"दारातली रांगोळी पुसायला
आता कोन येनार गं, कुसुम."

मी थांबले. दुसऱ्याच्या मयतात, दुसऱ्याच्या उंबऱ्यात मी माझ्या लेकीचं नाव घेतलं होतं. अशी चूक तिथं कुणी करत नाही. नाव चुकलं तर गेलेल्याला अडखळ होते म्हणतात. मला वाटलं आता कुणी तरी मला बाजूला करील. शिवाप्पाची बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती, ती हलली नाही. कुसुमचं नाव कुणी उचललं नाही.

भिंतीपलीकडून मास्तर खोकले.

येळवशीनंतर पहिल्यांदाच. त्यांना हुंदका आवरत नव्हता म्हणून असेल. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्या खोकल्यावर काय करायचं एवढं मला ठाऊक होतं. मी परत म्हटलं.

"दारातली रांगोळी पुसायला
आता कोन येनार गं, कुसुम."

आणि सगळ्या बायकांनी, गौरव्वासमोर बसून, माझ्या लेकीचं नाव उचललं. त्या नावाबरोबर मला रडू फुटलं. ते कुठून आलं ठाऊक नाही, पोटातून आलं. पाटीवरची रेघ म्हटली. परकराची म्हटली. गाडीतल्या शालीची ओळ गौरव्वानं कधी केली नव्हती, ती मी केली. एकेका ओळीला बाहेरून खोकला येत होता आणि मी ती परत म्हणत होते. भिंतीला टेकून बसलेली गौरव्वा हार घालून सगळं ऐकत होती.

संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो. मी हातपाय धुतले, दिवा लावला आणि दाराला आतून कडी घातली.